आधी झाड ओळख, मग फळ चाख

गडचिरोली
वैशाख वद्य दशमी

चि. नातीस,


तुझं पत्र पोचलं. चंद्रपूरला तुमच्या कॉलनीत शोभेसाठी लावलेल्या झाडांना एवढी फळं धरतात, खाली पडून सडतात, झाडणारी बाई ती लोटून नेते. मग ती कोणी खात का नाही, आणि तू खाल्ली तर चालेल का, असं तू विचारलंस. प्रश्न अगदी योग्य आहे. तुझी आई "काही तोंडात घालू नकोस" म्हणाली तेही योग्यच. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजावून सांगतो.

तुमच्या फाटकाजवळ बकुळीची रांग आहे. फुलांसाठी आणि सावलीसाठी लावलेली. फुलं सगळे वेचतात, फळाकडे कोणी पाहत नाही. पिकलं की ते नारिंगी-पिवळं होतं, बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं, आणि देठाशी फुलाच्या तपकिरी निदलांची सुकलेली टोपी तशीच चिकटलेली असते. खाली पडलेलं ताजं फळ घे आणि नखाने साल काढ. आतला गर रसाळ नसतो, उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा भुरभुरीत असतो. आधी गोड लागतो, मग जिभेला तुरटपणा धरतो. कच्चं असेल तर चीक निघतो आणि तोंड आवळून येतं, म्हणून पूर्ण पिकलेलंच घ्यायचं. आत बहुधा एकच बी असते, चपटी, तपकिरी, चकचकीत. आता ती बी चिकूच्या बीशेजारी ठेवून बघ. चिकूच्या बीच्या कडेला लांबट पांढरी खूण असते, बकुळीच्या बीला ती खालच्या टोकाशी बारीकशी असते. बाकी ठेवण किती सारखी! बकुळ, चिकू, खिरणी आणि आपला मोह ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. मोहाची फुलं आणि टोळी म्हणजे फळं खाऊन, त्या टोळीच्या बियांचं तेल काढून इकडची घरं वर्षानुवर्षं चालली. त्याच कुळातलं झाड तुमच्या दारात फक्त वासासाठी उभं आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

मैदानाच्या कडेला देशी बदाम आहे. फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरलेल्या, गळण्याआधी लालभडक होणारी मोठी पानं. ते ओळखायला चूक होत नाही. आपल्या रानातल्या ऐन, हिरडा, बेहडा यांचा तो सख्खा नातलग. फळाचा वरचा गर आंबटगोड आणि धाग्याधाग्यांचा असतो. तो चोखून झाला की कठीण कवच दगडाने फोड, आत बारीक लांबट बदाम मिळेल. बेहड्याचंही बी रानातली पोरं असंच फोडून खातात, पण ते जास्त खाल्लं तर गुंगी येते असं जाणती माणसं सांगतात. एका झाडाचा नियम त्याच्या नातलगाला लावायचा नाही, हे इथेच लक्षात ठेव.

कुंपणाची चिचबिलाई तुला माहीत आहेच. मूळची मेक्सिकोकडची, आता इतकी आपली झाली की तिला परकी म्हणवत नाही. तिचं पान नीट बघ: एका देठावर चारच पानं, दोन-दोनच्या जोड्यांनी, आणि देठाच्या बुडाशी काट्यांची जोडी. वळलेली शेंग उकलली की पांढरा-गुलाबी गर खायचा, काळी बी टाकायची. सिंगापूर चेरीही बाहेरूनच आलेली. पानं मऊ, केसाळ, हाताला किंचित चिकट लागणारी, आणि फळ लाल झाल्यावरच गोड.

आता आईच्या सांगण्याकडे वळू.

तुमच्या कॉलनीतच पिवळी कण्हेरही आहे, तिला बिट्टी म्हणतात. अरुंद लांब पानं, पिवळी फुलं, हिरवं कंगोरेदार फळ, पिकल्यावर काळं पडणारं. पोरं तिच्या बिया घेऊन खेळतात. त्या बियांतलं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि माणूस दगावतो. पण कोकीळ हीच फळं मजेत खातो! म्हणून "पाखरू खातं म्हणजे आपल्यालाही चालेल" हा नियम मनातून पार काढून टाक. पाखराचं पोट वेगळं आणि आपलं वेगळं. चीक निघतो तो विषारी, हाही नियम उपयोगाचा नाही. चीक बकुळीलाही येतो, कण्हेरीलाही येतो, उंबरालाही येतो.

दुसरं उदाहरण निंब आणि बकाण या जोडीचं. निंबाच्या पिकल्या निंबोळीचा गर पावसाच्या तोंडावर आम्ही चोखून खायचो, गोडसर असतो. बकाण दुरून तसाच दिसतो आणि बागेत जांभळट फुलांसाठी लावतात, पण त्याचं फळ विषारी. फरक पानात आहे. निंबाच्या एका दांडीवर दोन्ही बाजूंनी सरळ पानं येतात. बकाणाच्या दांडीला आधी उपदांड्या फुटतात आणि मग त्यांवर पानं येतात. बकाणाची फळं गोल असतात आणि पानं झडल्यावरही पिवळी होऊन घोसाने लटकत राहतात, तर निंबोळी लांबट असते. हा फरक तू आज संध्याकाळीच जाऊन बघ.

तिसरं चंद्रज्योत, कोणी मोगली एरंड म्हणतात. जैवइंधनासाठी मध्यंतरी त्याचा फार गाजावाजा झाला आणि शाळांच्या कुंपणाला, बांधांना ते सर्रास लागलं. त्याच्या बिया चवीला चांगल्या लागतात, आणि धोका नेमका तिथेच आहे. पोरं मूठमूठ खातात आणि उलट्या-जुलाबाने दवाखान्यात पोचतात; महाराष्ट्रात अशा बातम्या कितीदा आल्या आहेत. चव घेऊन विष कळत नाही. कडू ते वाईट आणि गोड ते चांगलं, असा हिशेब झाडं पाळत नाहीत. जिभेचा कौल सगळ्यात शेवटी घ्यायचा, तो आधी कधीच नाही.

म्हणून माझं सांगणं असं. झाड आधी वर्षभर बघ. पान कसं येतं, फूल कधी येतं, साल कशी आहे, फळ कच्चं असताना आणि पिकल्यावर कसं दिसतं. जाणत्या माणसाला दाखव, आणि त्याने झाडाखाली उभं राहून नाव सांगितलं तरच पुढे जा. मोबाइलने सांगितलेल्या नावावर जाऊ नकोस. पहिल्या दिवशी एकच पिकलं फळ, नुसता गर, बी टाकून. तोंडात झोंबलं, आग झाली तर लगेच थुंकून चूळ भर. आणि कोणी काही भलतं खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या भरीस न पडता फळ, पान, बी पिशवीत घालून माणसासकट थेट दवाखान्यात जायचं. काय खाल्लं ते डॉक्टरला कळलं की त्याचा वेळ वाचतो.

फळ धुऊनच खा. तुमच्याकडे 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली अतिप्रदूषित भागांच्या यादीत चंद्रपूरचं नाव घातलं ते उगाच नव्हे. मोठ्या रस्त्यालगतचं, किंवा ज्या बागेत औषध फवारतात तिथलं फळ घेऊच नकोस.

एवढं सांगून झाल्यावर माझ्या मनातली खरी गोष्ट लिहितो. तू शिकायला कॉलनीचीच झाडं घे, रानातली नको. मी लहान होतो तेव्हा गडचिरोली चंद्रपुरातच होतं, जिल्हा वेगळा झाला तो 1982 साली. तेव्हापासून आजपर्यंत एक बदललं नाही: इथल्या रानात पडलेल्या फळाला मालक असतो. चारं वेचून, फोडून चारोळी काढणाऱ्या बाईचं मीठ-तेल त्यावर चालतं. बाजारात भाव आहे म्हणून बाहेरची माणसं कच्ची चारं काढायला फांद्याच तोडतात; तसं केलं की त्या झाडाला पुढची काही वर्षं फळ धरत नाही. इथले माडिया आदिवासी पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालत नाहीत. आंब्याचा तो मरका पंडुम. तोवर फळ झाडावर पिकतं, बी तयार होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली तो सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. ताडोबात तर कायद्यानेच काही उचलायचं नाही. तुझ्या कॉलनीतली बकुळ मात्र कोणाचंच पोट भरत नाही. तिची दहा फळं तू खाल्लीस तर कोणाचं काही कमी होणार नाही.

डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' पुस्तक माझ्याकडे आहे. इथल्या आदिवासी बायकांचं झाडांशी नातं त्यांनी त्या बायकांकडूनच ऐकून लिहिलं. तू आलीस की देतो.

सुट्टी संपायच्या आत ये. चारं आता संपत आली, पण जांभळं असतील आणि मोहाच्या टोळी पडायला लागतील. माझ्या ओळखीच्या एक आजीबाई आहेत, त्यांना विचारून त्यांच्याबरोबर जाऊ. बिब्ब्याला हात कुठे लावायचा आणि कुठे नाही ते त्यांच्याइतकं मला येत नाही. देठाकडचा केशरी भाग भाजून खातात, पण खालच्या काळ्या बीचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात. येताना बकुळ, निंब आणि बकाण यांची एकेक पानाची दांडी वर्तमानपत्रात दाबून आण, आणि प्रत्येकीवर कुठल्या झाडाची, कुठल्या तारखेची ते लिहून ठेव.

तुझा,
आबाजी