गळका सांधा आणि विक्रेत्याचें मौन

असत्य बोलूं नये याविषयीं नीतिशास्त्राच्या कोणत्याहि पंथांत फारसें दुमत नाहीं. दुमत आहे तें न बोलण्याविषयीं. आपल्या मालांतला दोष विक्रेत्यास ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकानें त्याविषयीं विचारलेलें नाहीं. अशा वेळीं त्यानें आपण होऊन तो सांगावा कीं गप्प बसावें? सिसेरोनें इसवी सनापूर्वीं ४४ व्या वर्षीं लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत हा प्रश्न घेतला आहे. एक घर विकावयाचें आहे. तें रोगट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लांकूड कुजलें आहे. आणि हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, मालकानें घर घेण्याची सक्ति कोणावर केली आहे? न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें हा जर अपराध, तर जाणूनबुजून एखाद्यास आडवाटेला लावणें हा त्याहून मोठा अपराध होय. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. हें प्रकरण आम्हीं वर्गांत पुष्कळदां शिकविलें आहे. परंतु त्यांतली खरी गांठ एका मोटारीच्या धूर सोडणाऱ्या नळीवरून जितकी स्पष्ट दिसते, तितकी त्या घरावरून दिसत नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांत राहतो. त्याच्याजवळ कापडी छपराची, दोनच माणसें बसतील अशी जुनी स्पोर्ट्‌स मोटार आहे. १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत माझ्दा कंपनीनें आपली एमएक्स-५ पुढें आणली आणि या जातीच्या लहान गाड्यांना पुन्हां दिवस आले. त्या काळच्या गाड्यांनीं आज तिशी ओलांडली आहे. तिकडे हिंवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ सांचूं नये म्हणून मीठ टाकतात. तें गाडीच्या पोटाखालीं उडतें आणि लोखंड खातें. यांत कारखानदारास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. विद्यार्थ्यानें लिहिलें कीं, थंडीच्या दिवसांत सकाळीं गाडी सुरू केली म्हणजे पुढच्या बाजूनें टिक टिक असा आवाज येतो आणि दहा मिनिटांत तो आपोआप बंद होतो. गाडी विकावयाची आहे. एका स्नेह्यानें सल्ला दिला कीं, गिऱ्हाईक येण्यापूर्वीं ती एकदां फिरवून आण, म्हणजे कांहींच सांगावें लागणार नाहीं. 'सर, हें खोटें बोलणें होईल का?' असा त्याचा प्रश्न.

आवाज बंद कां होतो हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. इंजिनांतला जळका वायु एका अखंड नळींतून बाहेर जात नाहीं. सिलिंडरांना लागून मॅनिफोल्ड, त्याला जोडलेली उतरती नळी, पुढें वायूंतलें विष कमी करणारा कन्व्हर्टर, शेवटीं सायलेन्सर, असे तुकडे सांध्यांनीं एकमेकांस जोडलेले असतात. सांधा म्हणजे समोरासमोर आलेले दोन सपाट फ्लँज, त्यांमध्यें गॅस्केटची चकती आणि सर्वांस आवळून धरणारे बोल्ट. इंजिन हलतें, नळी तापते, निवते, पुन्हां तापते. वर्षानुवर्षें असें होतां होतां चकती चेपते, फ्लँज किंचित् वांकतो, बोल्टांस गंज चढतो आणि कोठें तरी केसाएवढी फट पडते. वायूचा प्रत्येक धक्का त्या फटींतून फटकन् बाहेर येतो. तोच तो टिक टिक. पण धातु तापला कीं प्रसरण पावतो, फट मिटते, आणि गाडी निरोगी असल्यासारखी गप्प होते. दोष मात्र जेथल्या तेथें राहतो. तिकडे अशा गाड्यांची दरसाल कायद्यानें तपासणी होते. पण तींतहि धुराची परीक्षा घेतात ती इंजिन तापल्यावरच. तेव्हां तपासणींत उत्तीर्ण झाल्याचा कागद या एका प्रश्नाविषयीं फारसें कांहीं सांगत नाहीं.

आपल्याकडील १८७२ चा कराराचा कायदा या बाबतींत मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडांतील व्यवहारास तो लागू नाहीं, परंतु विचारास उपयोगी आहे. त्याच्या १७ व्या कलमाखालीं घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत. एकानें लिलावांत घोडा विकला. घोडा रोगी आहे हें त्यास ठाऊक होतें, पण तो कांहीं बोलला नाहीं. ही फसवणूक नव्हे, असें कायदा म्हणतो. घेणारी जर त्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळें सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि 'तुम्हीं इन्कार केला नाहींत तर मी घोडा निकोप समजेन' असें गिऱ्हाइकानें म्हटल्यावर विकणारा गप्प राहिला, तर तें मौन बोलण्यासारखेंच. म्हणजे बापानें जो घोडा न सांगतां मुलीला विकूं नये, तो शेजाऱ्याला खुशाल विकावा! कायद्याला हें शोभत असेल. कायद्याला सगळ्याच माणसांना मुली मानून चालत नाहीं. परंतु त्याच कलमांत आणखी एक गोष्ट आहे. ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून लपविणें ही तेथें स्पष्टपणें फसवणूक ठरविली आहे. मग गाडी तापवून ठेवणें कोणत्या बाजूस पडतें? स्नेही म्हणेल, स्वतःची गाडी चालविणें हा काय गुन्हा? आमचें उत्तर असें कीं, ती फेरी एका विशिष्ट माणसाच्या कानासाठीं आहे. गिऱ्हाईक येणार नसतें तर ती झालीच नसती. घोड्याचा मालक स्वतः गप्प बसला. या मालकानें घोड्याला गप्प बसविलें. धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं बोलतांना खरा शब्द निदान पुटपुटला तरी; येथें तेवढेंहि नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा आवाजासाठीं एवढें नीतिशास्त्र कशाला? आवाजापुरतेंच असतें तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. त्या फटींतून येणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतल्या हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट बळकटपणें जखडतो. थंड इंजिनाला हवेच्या मानानें पेट्रोल जास्त द्यावें लागतें, म्हणून पहिल्या कांहीं मिनिटांत हा वायु अधिक निघतो. कन्व्हर्टर तापेपर्यंत आपलें काम करीत नाहीं. आणि ही फट तर कन्व्हर्टरच्याहि अलीकडची. म्हणजे ज्या वेळीं गळती मोठी, त्याच वेळीं विषहि मोठें. थंडी म्हणून छप्पर ओढलेलें, कांचा मिटलेल्या, गाडी जागच्या जागीं सुरू. अशा वेळीं डोकें जड झालें तर माणूस तें हवेच्या माथीं मारतो. रोगी घोडा घेणाऱ्याचे पैसे बुडतात. येथें शेजारच्या आसनावर एखादें मूल बसलेलें असूं शकतें, आणि त्यानें तर कोणाशीं कसलाच करार केलेला नाहीं.

विद्यार्थ्याच्या पत्रांतलें एक वाक्य आम्हांस त्याच्या प्रश्नापेक्षां अधिक लागलें. 'आवाज दोन वर्षें येतो आहे, पण लगेच थांबतो, म्हणून मीं कधीं मनावर घेतलें नाहीं.' क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांतला जहाजाचा मालक येथें आठवतो. जहाज जुनें आहे हें त्याला ठाऊक असतें, शंका येतात, पण इतक्या सफरी झाल्या तशी हीहि होईल असें म्हणून तो त्या दाबून टाकतो आणि अगदीं मनापासून निर्धास्त होतो. जहाज प्रवाशांसकट बुडतें. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता, परंतु तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीहि तो तितकाच दोषी ठरला असता. आमच्या विद्यार्थ्याची गाडी त्याला रोज सकाळीं खरें सांगत होती. तो कान देई तो दहा मिनिटांनंतर.

गंमत अशी कीं, त्या फटीनें यंत्रहि फसतें. वायूंतला प्राणवायु मोजणारा सेन्सर या नळींत बसविलेला असतो. १९७६ सालीं व्होल्व्होच्या गाड्यांत तो प्रथम आला. वायूच्या दोन धक्क्यांमध्यें नळींतला दाब क्षणभर उतरतो आणि फट सेन्सरच्या अलीकडे असेल तर तिच्यांतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायु जास्त दिसतो, इंजिनाला पेट्रोल कमी पडतें आहे असा त्याचा निरोप जातो, आणि संगणक बिचारा विनाकारण पेट्रोल वाढवितो. त्याला दोष देतां येत नाहीं, कारण त्याच्यापाशीं दुसरी साक्षच नाहीं. मालकाची गोष्ट निराळी.

आतां दुरुस्तीविषयीं. डबींतला लेप फटीवर थापावयाचा, हा सर्वांत सोपा उपाय. उष्णतेनें तो दगडासारखा होतो. पण सांधा हलता असल्यामुळें बहुधा कांहीं काळानें तडकतो. 'हा लेप आहे, टिकेल तितका टिकेल' असें सांगून विकलें तर ती डागडुजी. न सांगतां विकलें तर तें दहा मिनिटांच्या फेरीचेंच काम, फक्त अधिक दिवस पुरणारें. खरी दुरुस्ती कष्टाची आहे. गाडी थंड असतांना उचलून भक्कम टेकूंवर ठेवावयाची, मागच्या तोंडांतून हवा भरावयाची आणि एकेका सांध्यावर साबणाचें पाणी सोडावयाचें. बुडबुडे येतील तेथें फट. पुष्कळदां काजळीचा काळा ओघळ आधींच जागा दाखवून देतो. गंजलेल्या बोल्टांना रात्रभर तेल पाजावें लागतें, तरीहि एखादा तुटतोच, आणि मग तो ड्रिलनें पोखरून काढणें आलें. जुनी चकती खरवडून फ्लँज स्वच्छ करावा, त्यावर सरळ पट्टी धरून तो वांकला नाहीं ना हें पाहावें, नवी चकती घालावी आणि बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे. एकच बाजू आधीं आवळली तर नवा सांधाहि गळतो. गाडी एकदां तापून निवली कीं पुन्हां सर्व तपासावें. चकती स्वस्त आणि मजुरी भारी, हें सगळ्या मोहाचें मूळ आहे. चकतीच महाग असती तर तिची किंमत गिऱ्हाइकाला सांगतां आली असती. गाडीखालीं उताणें पडून घालविलेले दोन रविवार किमतींत कसे धरावे?

गाडी वीक किंवा विकूं नको, असें आम्हीं त्याला कांहींच कळविलें नाहीं. गिऱ्हाइकाला सकाळीं बोलाव आणि गाडी रात्रभर उभी असूं दे, इतकेंच लिहिलें. त्यानें आधीं चकती मागविली. त्याचें शेवटचें पत्र आलें तेव्हां दोन बोल्ट निघाले होते, तिसरा आंत तुटला होता, आणि विक्रीची जाहिरात त्यानें महिनाभर पुढें ढकलली होती.