तारीख पैसे पोचायची असते

बस इथं. आणि आधी ते "बँकेनं लुटलं, सर" बंद कर. दुकानात बसलेल्या चार जणांनी माना डोलावल्या म्हणून ते खरं ठरत नाही. त्यांच्यापैकी एकानं तरी तुझं बिल वाचलं होतं का? तू तरी वाचलं होतंस का? काढ दोन्ही महिन्यांची बिलं. ज्या पाकिटातून आली ते पाकीटही काढ, फेकलं नसशील तर.

आता तारखा मोठ्यानं वाच. ५ जूनला तू कार्डावर ६० हजारांचं कपाशीचं बियाणं उचललंस. २८ जूनला बिल निघालं. पैसे भरायची शेवटची तारीख १८ जुलै. आणि तू चेक पोस्टात कधी टाकलास? १५ जुलैला. तोही साध्या टपालानं, भोकरदनहून मुंबईला. तीन दिवसांत ते पत्र मुंबईत पोचेल, तिथं कुणीतरी लगेच फोडेल, चेक क्लिअरिंगला जाईल, तुझ्या खात्यातून रक्कम निघेल आणि कार्डावर जमाही होईल, हे सगळं तू कशाच्या भरवशावर धरून चाललास? रक्कम जमा झाली २३ जुलैला. म्हणजे पाच दिवस उशिरा.

"मी तर तारखेच्या आत टाकला होता." हेच वाक्य तू मला तीनदा ऐकवलंस. दहावीचा फॉर्म बोर्डाकडे मुदतीनंतर गेला तर विलंब शुल्क बसतं, मग घरून कधी निघालास ते कुणी विचारत नाही, हे तुला सोळाव्या वर्षी समजत होतं. आज तू तिशी ओलांडलेला दुकानदार आहेस. बिलावरची तारीख पैसे पोचायची असते. ती पाकिटाला डिंक लावायची तारीख आहे असं तुला कुणी सांगितलं?

आता आकड्यांकडे ये, कारण तुझी खरी चूक तिथं आहे. तू पाच दिवसांचं व्याज मनाशी धरलं होतंस. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ६० हजारांवर पाच दिवसांचे होतात साधारण ३४५ रुपये. तेवढे जातील तर जाऊ देत, असं म्हणून तू निवांत राहिलास. आणि बिलात आले ३,३१४. तिथं तू "लूट" म्हणालास. अरे, त्या बँकेनं व्याज १८ जुलैपासून लावलेलंच नाही. ५ जूनपासून लावलंय, तू बियाणं उचललंस त्या दिवसापासून. ५ जून ते २३ जुलै, ४८ दिवस. मांड गणित, माझ्यासमोर मांड. ६० हजार गुणिले ४२ टक्के गुणिले ४८ भागिले ३६५. येतात ना ३,३१४? त्यावर १८ टक्के जीएसटी, ५९७ रुपये. झाले ३,९११. विलंब शुल्क त्याहून वेगळं.

कार्डावर जे बिनव्याजी दिवस मिळतात, ते पूर्ण रक्कम मुदतीत भरणाऱ्यालाच मिळतात. एक दिवस चुकला की ते सगळे दिवस परत घेतले जातात आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. जवळपास प्रत्येक बँकेच्या अटींत हे लिहिलेलं असतं. कार्ड घेताना तू त्या अटींखाली सही केलीस. आणि इथंच संपत नाही. बाकी अंगावर असताना २८ जूननंतर जे काही कार्डावर घेतलंस, डिझेल असो की घरचा किराणा, त्यालाही बिनव्याजी मुदत राहिली नाही. म्हणून पुढच्या बिलात आणखी थोडं व्याज येईल. ते आलं की पुन्हा दुकानात सभा भरवू नकोस.

आठवीत चक्रवाढ व्याजाची उदाहरणं तू फळ्यावर येऊन सोडवायचास. उत्तर बरोबर यायचं. आज तेच गणित तुझ्या अंगावर चालून आलं आणि तुला ओळखू येत नाही, याचा मला जास्त राग आहे.

आणि हे काय? मार्चच्या आणि एप्रिलच्या बिलात तू "किमान देय रक्कम" भरली आहेस. बँकेनं एवढीच मागितली म्हणून भरली, असं म्हणू नकोस. रिझर्व्ह बँकेनं बँकांना सक्तीनं छापायला लावलेली सूचना त्याच बिलावर आहे: फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल. बारीक अक्षरात आहे, पण आहे. धर की ६० हजारांची बाकी आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ३ हजार. महिन्याचं व्याज २,१००, त्यावर जीएसटी ३७८. तीन हजारांतून मुद्दल फिटलं ५२२ रुपये. महिनाभर दुकान चालवून ५२२ रुपये!

आता तू मला सांगशील की धंदाच तसा आहे. माहीत आहे मला धंदा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको उभी केली, तेव्हापासून बियाणं हा या जिल्ह्याचा प्राण झाला. जूनमध्ये शेतकऱ्याला बियाणं, खत उधार द्यायचं आणि कापूस घरात आला की दिवाळीच्या आसपास वसूल करायचं, ही रीत तू काढलेली नाहीस आणि तुला ती एकट्याला मोडताही येणार नाही. उधारी देतोस त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. पाऊस लांबला तर तो शेतकरी दुसऱ्यांदा बियाणं न्यायला तुझ्याच दारात येतो, आणि तू त्याला परत पाठवत नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण पाच महिन्यांनी येणारा पैसा तू पन्नास दिवसांच्या कार्डावर उचललास. वर्षाला ४२ टक्क्यांनी आणलेलं बियाणं बिनव्याजी उधार वाटलंस. कापसाला पाच महिने लागतात आणि कार्डाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, हे दुकानदाराला मी समजावून सांगायचं का? मालासाठी पैसा लागतो तर बँकेत जाऊन कॅश क्रेडिट माग, स्टॉक दाखव, हिशेब दाखव. हिशेब दाखवायचा कंटाळा म्हणून कार्ड घासायचं, हे चालणार नाही.

तुझ्या घरात दोन कार्डं आहेत. वडिलांकडं किसान क्रेडिट कार्ड आहे, १९९८ साली सुरू झालेल्या योजनेतलं. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला सात टक्के दर. मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं उरलेलंही माफ. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला व्याज शून्य. तुझे वडील सातवी शिकलेले, पण सोसायटीचा भरणा त्यांनी मुदतीबाहेर जाऊ दिला नाही. कापूस पडेल भावानं विकून त्यांनी भरणा केलेला मी पाहिला आहे. त्याच घरातला पदवीधर मुलगा तारीख चुकवून ४२ टक्के भरतो. वडिलांना हे सांगितलंस का? नाही ना? मग तुलाही हे लाजेचं वाटतंय, आणि ते बरं आहे.

सरकार यात काही करील, या भ्रमात राहू नकोस. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असेल तर १५ आणि विनातारण १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. बँकांना तो कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानं २००८ साली क्रेडिट कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. मला तो निकाल पटलेला नाही. गावच्या सावकाराला १८ ची मर्यादा आणि कार्डाला ४२ मोकळे, यात न्याय कुठं आहे ते मला दिसत नाही. पण माझ्या पटण्यानं तुझं व्याज कमी होणार नाही. आज या व्याजाला कायद्याची वरची हद्द नाही हे डोक्यात ठेवूनच कार्ड खिशात ठेवायचं.

म्हणून बँकेनं काहीही करावं असंही नाही, आणि इथं तू दुसऱ्या टोकाला चुकतोस. लुटलं म्हणून ओरडतोस, पण जिथं तुझा हक्क आहे तिथं एक ओळ लिहीत नाहीस. रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. बिल पाठवल्यावर व्याज लागण्याआधी ग्राहकाला निदान पंधरवडा मिळायला हवा. विलंब शुल्क तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लावता येतं, आणि तेही थकलेल्या रकमेवरच. सिबिलसारख्या पत माहिती कंपन्यांकडे थकबाकी कळवायची तर तीच तीन दिवसांची अट. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात घालून त्यावर व्याज घेता येत नाही. तू २१ जुलैपर्यंत पोचवले असतेस तर विलंब शुल्क वाचलं असतं आणि सिबिलमध्ये नोंद गेली नसती. व्याज मात्र तरीही लागलं असतं; "तीन दिवस माफ असतात" असं जे गावभर सांगतोस, ते अर्धंच खरं आहे आणि ते अर्धं ऐकून आणखी कुणी फसेल.

बिल तुला कधी मिळालं? आठवत नाही म्हणतोस. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो, तारखेसह. बिल ११ जुलैला हातात पडलं असतं तर तुझ्याकडं भांडायला मुद्दा होता. पाकीट चुलीत घातलंस आणि मुद्दाही त्याबरोबर गेला. चेक साध्या टपालानं टाकलास, त्यामुळं तो कधी पोचला याचीही पोच नाही. तो १७ तारखेला मुंबईत पोचून टेबलावर पडून राहिला असेल तरी ते तू सिद्ध कसं करणार? स्पीड पोस्टची पावती असती तर पोचल्याची तारीख कुणालाही दाखवता आली असती. थोडे पैसे वाचवायला तू पुरावा सोडून दिलास.

मोबाइलवरून पैसे पाठवायची भीती वाटते, तुझ्या साडूचं खातं कुणीतरी रिकामं केलं म्हणून. भीती खोटी नाही. मग मोबाइल नको वापरूस. तुझं खातं ज्या शाखेत आहे तिथं जाऊन एनईएफटीचा फॉर्म भर; बहुतेक बँका कार्ड क्रमांकच खाते क्रमांक म्हणून घेतात, आयएफएससी कोड बिलावर छापलेला असतो. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, सुट्टीच्या दिवशीही. शाखेचा शिक्का मारलेली पावती घे. नाहीतर पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप कापायची मंजुरी देऊन टाक. पूर्ण रक्कम, किमान नव्हे. फॉर्मवर दोन चौकोन असतात, चुकीच्या चौकोनात खूण करशील. आणि शेवटची तारीख १८ ऐवजी उधारी वसुलीला सोयीची हवी असेल तर बिलाचं चक्र बदलून मागता येतं, तोही तुझा हक्क आहे. चेकच पाठवायचा असेल तर बिल आलं त्या आठवड्यात, स्पीड पोस्टनं, मागं कार्ड क्रमांक लिहून.

आता वही घे आणि पत्र लिही. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावानं. आधी स्पष्ट लिही की रक्कम उशिरा पोचली. मग विचार: विलंब शुल्क कोणत्या रकमेवर लावलं, आणि मागच्या शुल्कावर वा जीएसटीवर व्याज धरलं का. पहिलाच उशीर आहे म्हणून शुल्क परत करण्याची विनंती कर. मार्च-एप्रिलमध्ये किमान रक्कम का होईना, वेळेत भरली होतीस, ते इथं उपयोगी पडेल. शिवीगाळ नको, "लूट" हा शब्द नको. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार जाते. २०२१ पासून सगळ्या देशाला एकच योजना आहे, पैसे लागत नाहीत, १४४४८ वर माहिती मिळते. शुल्क परत मिळेल की नाही ते मी सांगू शकत नाही. व्याजाचे ३,३१४ मात्र गेले असं समज. ते तुझ्याच उशिराचे आहेत.

पत्राचा मसुदा उद्या दुकान उघडायच्या आधी मला दाखव. पुढचं बिल आलं की पाकिटासकट घेऊन ये, आणि व्याजाच्या रकान्यात काय आहे ते तू वाचून दाखवशील, मी नाही. कार्ड इथं टेबलावर ठेव. दिवाळीची वसुली होऊन बाकी शून्य होईपर्यंत ते वडिलांच्या कपाटात राहील, आणि ते का राहणार आहे हे त्यांना आज संध्याकाळी तू स्वतः सांगायचंस.