ओके कोण दाबणार?

सुप्याच्या एमआयडीसीत, पुणे-नगर रस्त्यापासून थोडं आत, एका छोट्या कारखान्यात माझं सॉफ्टवेअर चालतं. वजनकाट्यावरचा आकडा वाचायचा, नोंदवायचा आणि सकाळी मालकांना दिवसाचा आलेख मेल करायचा, एवढंच त्याचं काम. आधी ते स्क्रीनवर खिडकी उघडून चालायचं. "कुणीतरी चुकून बंद करतं, मागच्या मागे चालेल असं कर," असं मालक म्हणाले, म्हणून मी त्याची विंडोज सर्व्हिस केली.

क्यूटीमध्ये बिनखिडकीच्या प्रोग्रॅमसाठी क्यूकोअरॲप्लिकेशन हा वेगळा क्लास आहे. पण आलेखावर अक्षरं काढायची तर फॉन्ट लागतात, आणि त्या क्लासच्या भरवशावर ते जमत नाही. मग मी खिडक्यांसकट सगळं देणारा क्यूॲप्लिकेशनच ठेवला. गरजेपुरतं उसनं घेण्यात गैर काही नाही. गैर हे, की काट्याची केबल सुटली तर मेसेज बॉक्स उघडणारं जुनं फंक्शनही तसंच राहिलं.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, सर्व्हिसेस 'सेशन शून्य'मध्ये चालतात आणि माणसं दुसऱ्या सेशनमध्ये लॉगिन करतात. सुरक्षेसाठी मध्ये भिंत घातली आहे. सर्व्हिसने उघडलेला बॉक्स भिंतीपलीकडे उघडतो आणि कुणीतरी ओके दाबेल म्हणून थांबून राहतो.

एका रात्री केबल सुटली. रात्रपाळीचे कंत्राटी कामगार, वयाने माझ्या मामाएवढे, काट्यावरची वजनं नेहमीसारखी वहीत लिहीत राहिले. सकाळी सुपरवायझरने पाहिलं: सर्व्हिस 'रनिंग', नोंदी शून्य. वहीवर कुणी विश्वास ठेवला नाही. झोपले होते असं ठरलं आणि पाळीचे अर्धे पैसे कापले गेले.

मला तिसऱ्या दिवशी कळलं. केबल काढून पाहिली, प्रोग्रॅम गप्प. त्याला 'बग' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण कॉम्प्युटर खोटं बोलला नव्हता, प्रोग्रॅम खरंच चालू होता. मेसेज बॉक्स बनवणाऱ्यांनी समोर माणूस बसलाय असं धरलं होतं, आणि खिडकीसाठी ते बरोबरच आहे. समोर कुणी नाही हे फक्त मला माहीत होतं. तरी टेबलावर टेस्टिंग करताना बॉक्स यायचा आणि ओके मीच दाबायचो. रात्री दोन वाजता तिथे कोण असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. हेतू वाईट नव्हता, हे खरं. पण अर्धी मजुरी हेतूने भरून येत नाही.

मालकांना सांगितलं, पैसे परत मिळाले. मामांची माफी मागायला गेलो तर म्हणाले, "आवो, म्या दाबलं आसतं की ओके. दिसाया तर पायजे ना!"

आता क्यूॲप्लिकेशन काढून तिथे क्यूगुईॲप्लिकेशन आहे. त्याच्यावर फॉन्ट मिळतात, मेसेज बॉक्स उघडता येत नाही. केबल सुटली की लॉगमध्ये ओळ पडते आणि काट्याशेजारचा बझर वाजतो. फार कर्कश वाजतो, म्हणून रात्रपाळीवाले मला शिव्या घालतात.