बरोबरीच्यांवर मिळालेला अधिकार



गेल्या पावसाळ्यांत नगरकडील एका खेड्यांत उपदेशकाचें काम करणारे एक वृद्ध बंधु येरवड्यास आमच्या घरीं आले. येतांना त्यांनीं पेढ्यांचा पुडा आणिला होता. त्यांचा नातू खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत शिकत आहे. शेवटच्या सत्रांत त्यास आपल्या सोबत्यांवर कॅडेट कॅप्टन नेमिलें, ही बातमी सांगतांना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आमच्या हातावर पेढा ठेवून ते म्हणाले, "पाळकसाहेब, आनंद तर आहेच, पण मनांत धास्तीही आहे. आमच्या घरांत आजवर हुकूम ऐकणारेच जन्मले. हा पहिलाच हुकूम करणारा निघाला. आतां त्याच्यासाठीं देवाजवळ काय मागावें?"

त्यांच्या या प्रश्नानें आम्हांस पुष्कळ दिवस विचारांत पाडिलें. तो विचार आज वाचकांपुढें ठेवितों.

ही प्रबोधिनी आपल्या पुण्याजवळच आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं तिची कोनशिला बसविली, आणि जानेवारी १९५५ मध्यें तिचें उद्घाटन झालें. भूसेना, नौसेना व वायुसेना या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथें तीन वर्षें एकत्र राहून शिकतात, व मग आपापल्या दलाच्या संस्थेंत पुढील शिक्षणास जातात. २०२२ सालीं मुलींनाही तेथें प्रवेश मिळाला, आणि ३० मे २०२५ रोजीं पहिल्या १७ मुली शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. 'सेवा परमो धर्मः' हें तिचें ब्रीद आहे. विद्यार्थी स्क्वाड्रन नांवाच्या तुकड्यांतून राहतात. वरच्या सत्रांतील कांहीं निवडक विद्यार्थ्यांस सार्जंट, कॅप्टन असे हुद्दे देऊन खालच्यांची शिस्त व व्यवस्था त्यांच्याकडे सोंपविण्यांत येते. ज्याला उद्यां जवानांचें नेतृत्व करावयाचें, त्यानें तें आज आपल्या सोबत्यांत शिकावें, हा यांतील हेतु.

हेतु उत्तम आहे. परंतु ज्याच्या पंक्तीस काल आपण जेवलों, त्याच्यावर आज हुकूम चालविणें ही मनाची मोठी परीक्षा होय. आमच्या येरवड्याच्या तुरुंगांत १९२२ ते १९२४ या काळांत महात्मा गांधी बंदिवान होते. त्या वेळीं कैद्यांवर देखरेख करण्यास कैद्यांतूनच वॉर्डर नेमीत असत, आणि गांधीजींनीं आपल्या तुरुंगांतील अनुभवांत त्यांच्याविषयीं लिहिलें आहे. अशा मनुष्यापुढें दोन वाटा असतात. आपण स्वतः कैदी आहों हें स्मरून त्यानें दुसऱ्या कैद्याचें ओझें हलकें करावें; किंवा तें विसरण्यासाठींच त्याच्यावर अधिक जरब बसवावी. प्रबोधिनी म्हणजे तुरुंग नव्हे, हें सांगावयास नको. तेथें मुलें आपल्या खुशीनें व मोठी परीक्षा देऊन जातात. पण बरोबरीच्यांवर अधिकार मिळालेल्या मनाची स्थिति दोन्ही ठिकाणीं एकच.

हें आम्ही शिकलों तें आपल्याच अपराधापासून. लहानपणीं एका वसतिगृहांत राहत असतां मोठीं मुलें आम्हांस पहाटे उठवून आपल्यासाठीं विहिरीचें पाणी ओढावयास लावीत. पुढें आम्ही मॉनिटर झालों. पहिल्याच हिवाळ्यांत आम्हीं एका दहा वर्षांच्या मुलास तेंच काम लाविलें. थंडीनें त्याच्या हातांस भेगा पडल्या होत्या, आणि त्या आम्हांस दिसत होत्या. पण "आम्हींही सोसलें आहे" हें उत्तर आमच्या जिभेवर तयार होतें. तो मुलगा कधीं कांहीं बोलला नाहीं. उन्हाळ्याच्या सुटीनंतर तो परत आला नाहीं. कां आला नाहीं, हें आम्हीं कोणास विचारलें नाहीं. विचारण्याचें धैर्यच झालें नाहीं. आज तीस वर्षें होऊन गेलीं, तरी तीं फुटलेलीं बोटें आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहींत.

"आम्हीं सोसलें, म्हणून त्यांनींही सोसावें," हें वचन न्यायाचें सोंग घेऊन येतें. परंतु ज्यानें आपणांस छळिलें, त्याला आपण कांहींच परत करीत नाहीं. ज्यानें आपलें कांहीं घेतलें नाहीं, त्याच्यापासून वसूल करितों. एकाचें देणें दुसऱ्याच्या अंगावर काढणें हें कोणत्या खतावणींत बसतें? 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' असें आपण हंसून म्हणतों. पण ते सुनेचे चार दिवस पुढच्या सुनेच्या डोळ्यांतील पाण्यावर जातात, हें कोणी सांगत नाहीं.

कडक शिस्त वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. रणांत ज्यास उभें राहावयाचें त्यानें उन्हांत धावलेंच पाहिजे. मग शिस्त कोणती व जुलूम कोणता, हें ओळखावें कसें? आम्हांस एक साधी कसोटी सुचते. कष्टाचें फळ कष्ट करणाऱ्यास मिळत असेल व हुकूम करणारा स्वतःही त्याच्याबरोबर धावत असेल, तर ती शिस्त. कष्टाची गोडी हुकूम करणाऱ्यासच मिळत असेल, तर तो जुलूम.

पवित्र शास्त्रांत योसेफाचें उदाहरण आहे. खोट्या आळावरून तो तुरुंगांत पडला, आणि तेथील अधिकाऱ्यानें इतर बंदिवान त्याच्या स्वाधीन केले. सूड घेण्यास त्याच्याइतकें कारण कोणास होतें? तरी एके सकाळीं प्यालेबरदार व आचारी यांचीं तोंडें उतरलेलीं त्यास दिसलीं, आणि त्यानें त्यांस खेदाचें कारण विचारलें. (उत्पत्ति ४०) स्वप्नांचा उलगडा, फारोचा दरबार, दुष्काळांतील धान्य, हें सर्व त्या एका विचारपुशींतून पुढें निघालें. आम्हीं जें विचारलें नाहीं, तें योसेफानें विचारलें. कफर्णहूमच्या शताधिपतीचें बोलणेंही पाहा. (मत्तय ८) आपण स्वतः दुसऱ्याच्या अधिकाराखालीं आहों हें तो आधीं सांगतो, व आपल्या हाताखालीं शिपाई आहेत हें मागाहून. आणि तो प्रभूकडे आला होता तो आपल्या आजारी चाकरासाठीं.

खडकवासल्याच्या संचलनभूमीस सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचें नांव दिलेलें आहे. प्रबोधिनींत असतां तेही आपल्या स्क्वाड्रनचे कॅडेट कॅप्टन होते. जून १९७१ मध्यें ते पूना हॉर्स या पलटणींत अधिकारी झाले. त्याच वर्षीं १६ डिसेंबर रोजीं बसंतरच्या लढाईंत रणगाडा पेटला, मागें येण्यास सांगण्यांत आलें, तरी तोफ चालते आहे तोंवर ते जागचे हलले नाहींत, व तेथेंच पडले. वय अवघें २१. मरणोत्तर त्यांस परमवीर चक्र मिळालें. सर्वांत पुढें उभें राहणें हें अधिकाराचें मोल आहे, तें त्यांनीं दिलें.

कोणी विचारील, शस्त्रविद्येस पाळकानें आशीर्वाद कसा द्यावा? याविषयीं ख्रिस्ती लोकांत एकमत नाहीं. क्वेकर व मेनोनाइट मंडळ्यांनीं युद्धाविरुद्ध पूर्वीपासून साक्ष दिली आहे, आणि तिचा आम्ही आदर करितों. परंतु शिपाई योहानाकडे आले तेव्हां त्यानें त्यांस चाकरी सोडावयास सांगितलें नाहीं. कोणास नाडूं नये व वेतनांत तृप्त असावें, इतकेंच मागितलें. (लूक ३) बळ हातीं आल्यावर दुबळ्याशीं आपण कसे वागतों, हा त्याचा प्रश्न होता. तो शिपायांस आहे, तसाच शाळेच्या मास्तरांस, मंडळीच्या पंचांस, घरांतील वडिलांस आणि आम्हां पाळकांसही आहे. आपणांपैकीं बहुतेकांस मिळालेला अधिकार बरोबरीच्यांवरच मिळालेला आहे. काल आपण त्यांच्याच ओळींत बसलों होतों.

म्हणून त्या बंधूंस आम्हीं उत्तर दिलें, "बाबा, नातवास मोठा हुद्दा मिळो असें मागूं नका, तो त्याच्या कष्टानें मिळेल. रोज सकाळीं हजेरी घेतांना उतरलेलें तोंड त्याच्या दृष्टीस पडो, व कारण विचारण्याचें धैर्य त्यास होवो, असें मागा."

म्हातारबाबा कांहीं वेळ स्तब्ध राहिले. मग पेढ्यांचा पुडा पुन्हां बांधीत म्हणाले, "पाळकसाहेब, ही प्रार्थना मलाही करावी लागेल. गांवांत माझाही हुकूम चालतो."

वाचकहो, तीच प्रार्थना आपणही करूं या.