भिडस्तांचें ओझें

अनेकांनीं संगणकावर मिळून खेळावयाच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळांत गुहा सर करणाऱ्या पांच जणांच्या तुकडीची वांटणी ठरलेली आहे: एक घाव झेलणारा, एक जखमा भरणारा व तिघे प्रहार करणारे. प्रहाराचें श्रेय आंकड्यांत मोजतां येतें. टळलेल्या मृत्यूची मोजदाद कोण करणार? २०११ सालीं निर्मात्यांनीं, ज्या भूमिकेस माणसें कमी पडतील ती पत्करणारास जादा बक्षीस देऊं केलें. यानें सेवेची मजुरी झाली, असा आक्षेप कोणी घेईल. मला तसें वाटत नाहीं. मोबदला नसला कीं ओझें नेहमीं भिडस्त माणसावरच पडतें. आणि त्याच्या भिडेवर निभावणाऱ्यांनीं तिला सेवाभाव म्हणावें, हें न्याय्य नव्हे.