रिकामी जागा

कार्यकर्ते मित्र विचारतात, हे तुकडे-तुकडे काय चिकटवून ठेवतोस? एक अख्खं चित्र काढ की. काढता येतं. पण आमच्या बाबतीत अख्खं चित्र म्हणजे थाप.

मी मोंताज करतो. जुने पेपर, सातबाऱ्याच्या झेरॉक्स कापायच्या, प्लायवर खळीनं डकवायच्या. जर्मनीत जॉन हार्टफिल्डनं हिटलरविरुद्ध हेच हत्यार चालवलं. १९३२ साली त्यानं हिटलरच्या छातीचा एक्स-रे केला आणि मणक्याच्या जागी नाण्यांची चळत लावली. छापील फोटो कापूनच त्यानं छापील खोटं उघडं पाडलं.

त्याला कापायला फोटो तरी होते! मी चंद्रपूर-गडचिरोलीचे पेपर घेऊन बसलो की वाघ सापडतो, वीज केंद्राच्या चिमण्या सापडतात, मंत्री तर ढिगानं. बांबू तोडणारा हात सापडत नाही. बल्लारपूरच्या गिरणीत बांबूचा कागद झाला, कागदावर आम्ही आलो नाही.

हा नुसता कलेचा प्रश्न नाही, मित्रहो. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. आपण पडलो 'इतर पारंपरिक वननिवासी'. आपल्याला त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवायची. म्हणजे १९३० सालचा पुरावा! आज्याचं नाव तेव्हा कोणत्या दप्तरात लिहिणार होते? नियमात म्हाताऱ्यांची लेखी साक्षही पुरावा धरली आहे, पण टेबलामागचा माणूस आधी कागदच मागतो. (म्हणून गोंडाचा तुकडा नि आमचा तुकडा मी शेजारी डकवतो, पण मधली शिवण रंगानं बुजवत नाही. कायद्यानं पाडलेली फट खळीनं मिटत नसते.)

आता खरा पेच. आज्याचा चेहरा मनानंच काढला तर? काय अवघड आहे? मुंडासं, रापलेले गाल, जळते डोळे. बघणारे हळहळतील. पण मग ज्यांनी नोंद केली नाही ते सुटतील, कारण भोक मीच बुजवलेलं असेल. म्हणून तिथं उघडं प्लाय ठेवतो. बाजूला आजीचं बोलणं हातानं लिहितो. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, तेव्हा ती चालत गेली होती. फोटो? "फोटो काहाडाले पैसे कोठं होते बापू? पायात वाहना नव्हत्या."

विहारात चित्र लावलं तेव्हा एक कार्यकर्ती पोरगी भडकली. म्हणाली, त्यांनी आपल्याला पुसलं, आणि दादा, तुम्हीही रिकामंच ठेवता? तिचं म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. चेहरा मी काढणार नाही, यावर ठाम आहे. पण ती जागा माझ्या एकट्याची कशी? मी तिथं सुतळीनं पेन्सिल बांधून ठेवली.

दोन नावं लिहून झाली. तिसऱ्या नावावरून म्हातारे भांडताहेत, की आमच्या गावात आधी कोण आला होता.