अवजाराची परीक्षा

मनुष्य अवजार वापरतो हें आपण सर्व जाणतों. परंतु अवजारही मनुष्याला वळण लावीत असतें, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. मागें सेलू येथें बाजाराच्या दिवशीं मला तिचा अनुभव आला.

एका वृद्ध भाजीवालीकडून मीं पाऊण किलो वांगीं घेतलीं. भाव ३६ रुपये किलो. हिशेब करण्यासाठीं मी खिशांतून मोबाइल काढतों न काढतों तोंच ती म्हणाली, "सत्तावीस." लहानपणीं पावकी, निमकी, पाऊणकी मीही घोकल्या होत्या, मग तें ज्ञान गेलें कोठें? हें सर्व यंत्राचें पाप, असें म्हणून मी आपलें समाधान करून घेणार, इतक्यांत तिनें मोबाइलवरून पैसे देण्याची चौकट छापलेला पुठ्ठा पुढें केला. पैसे जमा झाल्याचें तिच्या जवळच्या डबीनें मोठ्यानें सांगितलें. मीं विचारलें, "बाई, यंत्र सांगतें, मग तोंडी हिशेब कशाला?" ती म्हणाली, "ते बोलते तं बोलू द्या भाऊ. पण मले अगुदर मालूम पाह्यजे ना!"

यंत्र तिच्याजवळ होतें, तसें माझ्याजवळही होतें. तिच्या घरीं तें चाकर होतें. माझ्या घरीं तें कारभारी होऊन बसलें होतें. तेव्हां दोष केवळ यंत्राचा नव्हे, हें मला कबूल करावें लागलें.

मग नवें अवजार घरांत घ्यावें कीं न घ्यावें, हें कोणत्या कसोटीनें ठरवावें? ह्या प्रश्नाचा विचार आपल्याच वर्धा जिल्ह्यांत पूर्वीं कसून झालेला आहे. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडींत त्याचें काम चालूं लागलें. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे तामिळ ख्रिस्ती गृहस्थ. इंग्लंड व अमेरिकेंत शिकून आलेल्या ह्या विद्वान पुरुषानें तेलघाणी, हातकागद, मधमाशा अशा लहान दिसणाऱ्या धंद्यांत आपली बुद्धि खर्च केली. स्वयंपाकघरांतला धूर बाहेर नेणारी मगनचूल तेथलीच. १९३८ सालीं उघडलेलें मगन संग्रहालय आजही वर्ध्यास पाहावयास मिळतें.

त्याच्याही आधीं, १९२९ सालीं, गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघानें सुत कातण्याच्या सुधारलेल्या यंत्रास १ लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. त्याच्या अटी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें असावें व साध्या झोपडींत चालावें. स्त्रीला फार श्रम न होतां तें ८ तास चालवितां यावें व तेवढ्या वेळांत १६,००० फूट सूत निघावें. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. तें २० वर्षें टिकावें आणि वर्षाचा बदललेल्या भागांचा खर्च किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक होऊं नये. सर्व अटी पुऱ्या करणारें यंत्र न मिळाल्यामुळें बक्षीस कोणासच दिलें गेलें नाहीं. म्हणून त्या अटी व्यर्थ होत्या काय? मला तसें वाटत नाहीं. यंत्र किती वेगानें चालतें एवढेंच न पाहतां, तें चालविणारी कोण, तिच्या घरीं तें मावेल काय, मोडल्यास तिला दुरुस्ती परवडेल काय, हें त्यांत आधीं विचारलें होतें.

जुनें तें सर्व सोनें, असें मात्र कोणीं समजूं नये. पहाटेच्या अंधारांत उठून दळण दळलेल्या आपल्या आयांना विचारा. पिठाची गिरणी आली आणि त्यांच्या हातांचे घट्टे गेले. तिच्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही गेल्या, ही हानि खरी. परंतु त्या ओव्यांसाठीं आपल्या मुलीस शाळेंतून काढून पुन्हा जात्याला जुंपण्यास आपण तयार आहों काय?

म्हणून अवजार घेतांना तीन प्रश्न विचारावे. ह्यानें कोणाचे श्रम हलके होतील? मोडलें तर कोण नीट करील, व किती पैशांत? आणि ह्याच्या संवयीनें आपल्याला येत असलेलें काय आपण विसरूं? पहिले दोन प्रश्न त्या बक्षिसाच्या अटींत सांपडतात. तिसरा मला सेलूच्या भाजीवालीनें शिकविला.

त्या दिवसापासून मी बाजारांत आधीं तोंडी हिशेब सांगतों, मग यंत्र पाहतों. दोनदां चुकलों, व लोक हंसले. पण विसरलेली पाऊणकी हळूहळू परत येत आहे. ज्यांच्याकडे संध्याकाळीं मुलें अभ्यासास बसतात, अशा बंधुभगिनींनीं एवढें करून पाहावें: मुलांना मोबाइल द्यावा, परंतु उत्तर आधीं त्यांच्या तोंडून ऐकावें. चुकलें तरी चालेल. यंत्र बरोबर सांगतें कीं चूक, हें ओळखण्याइतकें ज्ञान मुलाच्या स्वतःजवळ असलें पाहिजे.